हिरव्या गाडीची चासी

भंगारवाल्याच्या आवारात मी गेले होते ती जाड पत्र्याचे तुकडे बघायला. मुलगा बघायला काही गेले नव्हते!

पण गेटातून आत शिरले, तर समोरच एक माणूस दोन्ही हात पसरून एका मोडक्या हिरव्या गाडीपुढे उभा. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा... आणि त्याच्यासमोर भंगारवाल्याचा गडी, हातात पेटता गॅस कटर घेऊन.

"साहेब, बाजूला व्हा. भाजेल."

"भाजू दे."

"अहो, तुमच्या आईनंच विकलीय ना गाडी आम्हाला?"

"आई चुकली. मी परत घेतोय."

भंगारवाला कपाळाला हात लावून पत्र्याच्या डब्यावर बसला होता. "घेऊन करणार काय? चासीच मोडलीय हिची. ही आता कुणी उभी करून देणार नाही तुम्हाला."

गाडी जुनी होती. लांबलचक बॉनेट, बटाट्यासारखे गोल दिवे, आणि दारांचा तो बाक... हल्ली अशी दारं कुणी बनवत नाही. मी सवयीनं खाली वाकले, मग सरळ गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखाली डोकं घातलं. चासीचा, म्हणजे सगळा भार पेलणाऱ्या लोखंडी चौकटीचा, डावा गर्डर स्टिअरिंगच्या पेटीपाशी फाटला होता. बाकीचा जिवंत होता.

"उभी राहील," मी खालूनच म्हणाले.

सगळे वाकून माझ्याकडे बघू लागले.

"कोण करेल?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"मी."

मी उठले, गुडघे झटकले. त्यानं चष्मा वर सरकवला आणि डोक्याच्या फडक्यापासून काळ्या नखांपर्यंत मला नीट पाहून घेतलं.

"तुम्ही... गाड्यांच्या डॉक्टर?"

"डॉक्टर इंजिनवाले. मी हाडवैद्य."

तो हसला. इतकं मनापासून हसला की गडीसुद्धा हसला आणि त्यानं कटर विझवला.

"आता हात खाली घेतलेत तरी चालेल," मी म्हणाले.

*

आमचा कारखाना बसडेपोच्या मागे. ट्रकच्या चासी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फाटकं – लोखंडाचं जे मोडेल ते आमच्याकडे. चाळीस वर्षं तो बाबांनी चालवला. गावात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. मी दूर बंदरावर जहाजांच्या वेल्डिंगला होते. दीड वर्षापूर्वी बाबांची नजर पुरती गेली, तेव्हा परत आले आणि त्यांचा वेल्डिंगचा मुखवटा माझ्या डोक्यावर चढवला.

बाबा आता दाराशी खुर्ची टाकून बसतात. मी जोड मारला की उठून येतात, तो गार होऊ देतात आणि मग त्यावरून बोट फिरवतात. "इथं घाई केलीस," म्हणतात. केलेली असते.

चष्मेवाल्याचं मुख्य रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. दर शनिवारी दुपारी ते बंद करून तो यायचा. गाडी त्याच्या थोरल्या भावाची – दादाची. दादा शाळेत भूगोल शिकवायचा, आणि नकाशात दिसेल तो रस्ता गाडीनं पाहून यायचा. चढावर गाडी दमते म्हणून त्यानं तिच्यात मूळच्या दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं. आणि दोन वर्षांपूर्वी, घाटाच्या पलीकडच्या एका वळणावर, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळलीच नाही.

"तेव्हा मी परगावी नोकरीला होतो," चष्मेवाला म्हणाला. "परत आलो तर दादा पलंगावर. कमरेखाली काहीच नाही. दोन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून आहे. आईला गाडी डोळ्यांसमोर नको होती, तिनं विकली. त्या दिवशी दादा पहिल्यांदा वळला. 'विकली?' एवढंच बोलला... आणि धड जेवेनासा झाला."

मी बॉनेट उचलून आत पाहिलं.

"मूळचं छोटं इंजिन घालू या का? चासीवर भार कमी येईल."

"दादा म्हणतो तेच इंजिन हवं. आणि ब्रेक, अॅक्सिलरेटर हातानं चालेल असं करून हवंय. तो स्वतः चालवणार."

"मग चासी बदलली पाहिजे. म्हणजे हीच ठेवायची, पण हिचा स्वभाव बदलायचा."

त्याला ते कळेना. कोपऱ्यात बुटांचा रिकामा खोका पडला होता. झाकण काढून मी तो त्याच्या हातात दिला.

"पिळा."

त्यानं पिळला. खोका वेडावाकडा झाला.

"ही तुमची चासी. दोन्ही गर्डर एका बाजूनं उघडे, पन्हळीसारखे. छोट्या इंजिनाला पुरत होते. मोठं इंजिन जोर लावतं तेव्हा नुसती चाकं फिरत नाहीत, चासीही पिळली जाते. दर वेळी थोडी थोडी." मी झाकण लावलं, कडेनं चिकटपट्टी मारली. "आता पिळा."

त्यानं जोर लावला. खोका हलेना. दात-ओठ खाऊन लावला. हलेना.

"हे झाकण आपण दोन्ही गर्डरना लावायचं. मधे नवा आडवा गर्डर, कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या. मग तुमचं इंजिन कितीही उड्या मारू दे."

"एवढं छान कुणी मला भूगोल शिकवला असता तर!"

"शिकवणारा घरातच होता की."

"तो मारायचा हो!"

बाबा दाराशी बसून हसत होते. मीही हसले... आणि मग लक्षात आलं, तो खोक्याकडे बघतच नव्हता.

"काय बघताय?"

"धंदाच आहे माझा. डोळ्यांत बघायचा."

"मग? काय दिसलं?"

"उजवा लाल झालाय. मुखवट्याची काच नीट लावत जा."

"आणि डावा?"

तो चष्मा नीट करत दाराकडे निघाला. "डाव्याचं पुढच्या शनिवारी सांगतो."

*

इंजिन उतरवलं, वरची बॉडी उचलून बाजूला ठेवली. उघडी चासी चार लोखंडी घोड्यांवर आडवी झाली आणि आमचे शनिवार सुरू झाले. तो दोरीचं एक टोक धरायचा, मी दुसरं. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. दोन्ही मापं सारखी आली तर चासी काटकोनात. नाहीतर पुन्हा.

"पाच मिलिमीटर फरक," मी म्हणायचे.

"पाच मिलिमीटरनं काय होतं?"

"तुमच्या चष्म्यात पाच मिलिमीटर चुकले तर?"

"गिऱ्हाईक भिंतीवर आपटेल."

"मग?"

गर्डरच्या झाकणांच्या प्लेटा एका दमात जोडायच्या नसतात. लोखंड तापलं की रुसतं, वाकतं. बोटभर इकडे जोडायचं, मग थेट पलीकडच्या टोकाला बोटभर, आणि मधे थांबायचं. त्या थांबण्यात आम्ही बोलायचो. त्यानं बाबांचे डोळे तपासले, दोनदा. मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून खरं ते सांगितलं, "मिस्त्री, आतला पडदा गेलाय. माझ्याकडे त्यावर काच नाही." इतर सगळ्यांनी बाबांना नुसती आशा लावली होती. बाबा त्या दिवसापासून त्याची वाट बघू लागले.

आणि मीही.

एका बुधवारी मी डाव्या गर्डरची शेवटची प्लेट जोडली. बाबा आले, बोट फिरवत फिरवत पुढे सरकले – आणि माझा जोड संपला तिथून त्यांचं बोट जुन्या लोखंडावर गेलं. इंजिन ज्या कानांवर टेकतं, त्यातला एक कान.

तिथं ते थांबले. पुन्हा फिरवलं. जोडाच्या शेवटी एक लहानशी उलटी गाठ होती, शिंप्यानं टाका पक्का करावा तशी.

"हे कुणी केलं?"

"जुनं आहे, बाबा. इंजिन बसवलं तेव्हाचं."

"गाडी हिरवी आहे?"

"हो."

ते हळूहळू खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं, जमिनीवरच.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "डोळ्यांच्या ऑपरेशनला जायच्या आदल्या आठवड्यात. एक मास्तर आले होते. घाईत होते..."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. पण ऐकावं लागलं. प्लेटा न मारताच त्यांनी ते मोठं इंजिन बसवून दिलं होतं. नंतर सहा महिने बाबा दवाखान्यात होते. घाटापलीकडच्या अपघाताची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, म्हणून ह्या दादाची आणि त्या मास्तरांची सांगड त्यांनी कधी घातलीच नव्हती.

"त्याला सांग," बाबा म्हणाले. "आजच. नाहीतर मला घेऊन चल, मी सांगतो."

"मीच सांगते. शनिवारी येईल तेव्हा. तुम्ही मधे बोलायचं नाही, बाबा."

शनिवारी तो आला. बारीक पाऊस पडत होता, पत्र्यावर कुणी तांदूळ निवडतंय असा आवाज. माझ्यासाठी डोळ्यांचे थेंब आणले होते त्यानं. मला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर धरली आणि म्हणाला, "हलू नकोस."

हलू नकोस. *नकोस.*

"एकेरीवर आलात?"

"तुम्हाला... तुला चालत नसेल तर—"

"चालतं."

थेंब डोळ्यात पडला, गार. तो गालावर उतरला तरी त्याचा हात हनुवटीवरून हलला नाही. मग हळूच खाली आला आणि माझ्या हातावर थांबला. माझा हात खरखरीत, जागोजाग भाजलेला. तो त्यानं असा धरला, जणू काच आहे.

"दादा काल पोटभर जेवला," तो म्हणाला. "दोन पोळ्या. विचारत होता, चासी कुठवर आली. तुझ्यामुळे गं..."

मी सांगणार होते. देवाशपथ, शब्द ओठांवर होते. पण दोन वर्षांत त्याच्या घरी पहिल्यांदा काही बरं घडलं होतं, आणि माझ्या सबंध आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा हात धरला होता. मला वाटलं, एवढा एक शनिवार.

पुढच्या शनिवारीही मला तसंच वाटलं. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "सांगितलंस?" मी म्हणायचे, "उद्या." मग त्यांनी विचारणंच सोडलं, आणि माझ्याशी बोलणंही.

*

तिसऱ्या शनिवारी सांगितलं. तो चासीवर बसून पाय हलवत होता. माझं बोलणं संपेपर्यंत पाय थांबले होते.

तो उठला, इंजिनाच्या त्या कानाजवळ गेला आणि त्या उलट्या गाठीवर बोट ठेवलं.

"तुला कधी कळलं?"

'काल' म्हणता आलं असतं. 'आत्ताच' म्हणता आलं असतं.

"सतरा दिवस झाले."

त्यानं मनातल्या मनात मोजले. चेहऱ्यावर दिसलं मला ते – तो पाऊस, ते थेंब, तो हात...

"म्हणजे त्या दिवशी... मी दादाच्या दोन पोळ्या सांगत होतो, तेव्हा?"

"माहीत होतं."

त्यानं चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, तसाच हातात धरला. चष्म्याविना त्याचे डोळे फार थकलेले दिसत होते.

"मिस्त्रींचं चुकलं की नाही, मला कळत नाही. मला लोखंडातलं काही कळत नाही. पण तुम्ही..." आणि तो थांबला. "तुम्ही मला हसू दिलंत."

तो गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

पाच शनिवार तो आला नाही. "काम थांबवायचं नाही," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून दोरीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. आम्ही मोजायचो, जोडायचो, पुन्हा मोजायचो. फाटलेला भाग कापून नवा बसवला, स्टिअरिंगच्या पेटीमागे दुहेरी प्लेट घातली. ब्रेकचा आणि अॅक्सिलरेटरचा हातदांडा मी तीनदा मोडून चौथ्यांदा केला. दोन्ही तिरपी मापं अखेर केसभरही फरक न पडता जुळली. ते सांगायला बाबांशिवाय कुणी नव्हतं.

सहाव्या शनिवारी दाराशी टेम्पो थांबला. त्यातून फळीवरून एक चाकांची खुर्ची उतरली. खुर्ची ढकलत होता तो. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

खुर्चीतला माणूस वाळलेला होता, पण आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"मिस्त्री, ओळखलंत?"

बाबा उठून उभे राहिले. "आवाज ओळखला, मास्तर."

"मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

"प्लेटा पुढच्या महिन्यात मारू म्हणालात."

"आणि तुम्ही म्हणालात, प्लेटा मारेपर्यंत घाटात घालू नका. दोनदा बजावलंत. मी दुसऱ्या दिवशी घातली." दादानं मान वळवली, धाकट्या भावाकडे नाही, माझ्याकडे. "हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आई नशिबाला बोल लावत होती, मी लावू दिला. ह्यानं येऊन तुमचं सांगितलं, तेव्हा मात्र गप्प बसवेना."

"तुम्ही ऐकलं नाहीत हे खरं," बाबा म्हणाले. "पण किल्ली माझ्या हातात होती, मास्तर. मी ती दिली."

बाबांनी हात पुढे केला. कुठे करायचा ते दिसत नव्हतं, म्हणून तो भलतीकडेच गेला. दादानं पुढे वाकून तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी बाहेर आले. तोही आला.

"मी रागावलो होतो," तो म्हणाला.

"अजून आहात."

"आहे. पण राग दुकानात बसूनही करता येतो." तो रस्त्याकडे बघत होता. "तू दिसली नाहीस, ते मात्र कुठेच बसून सहन झालं नाही..."

*

इंजिन बसवलं तो दिवस मी विसरणार नाही. बॉडी चढवली, किल्ली फिरवली आणि कारखान्याचे पत्रे थरथरले. आम्ही दोघंच चाचणीला गेलो, घाटाच्या पायथ्यापर्यंत. त्यानं चढावर जोर दिला. इंजिन गरजलं, पण खालून कुरकुर नाही, कंप नाही. वळणावर गाडी अशी वळली, जशी मान वळते.

तिथं त्यानं गाडी थांबवली.

"माझ्याशी लग्न करशील?"

"असं? चालू इंजिनात?"

"बंद करू?"

"नको... राहू दे. कान देऊन ऐकतेय ते." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आईंना विचारलंस?"

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. त्यावरूनच कळलं.

बुधवारी त्याची आई एकटी कारखान्यात आली. लहानखुरी बाई, पदर गच्च धरलेला. गाडीभोवती एक चक्कर मारली, हात न लावता.

"थोरल्यानं मला सगळं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडलांना मी दोष देत नाही. तुलाही नाही. गाडी चांगली केलीस तू."

मी उभीच होते.

"धाकटा माझा घुम्या झालाय तुझ्यापायी. तू घरात आलीस तर मी वाकडा शब्द बोलणार नाही, पोरी. पण रोज सकाळी थोरल्याला आम्ही दोघं उचलून खुर्चीत घालतो... तेव्हा तू समोर असलीस, तर मला तो जोडच दिसत राहील. मी मनाला फार समजावलं. नाही होत गं."

"पाणी देऊ?"

"दे."

अर्धा पेला प्यायल्या. उरलेला हातात धरून, खाली न ठेवता, कितीतरी वेळ रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. पण जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

दादाला दूरच्या शहरात एका शाळेत बोलावणं आलं होतं. वर्ग तळमजल्यावर, खुर्ची जाईल असे रस्ते. आई एकटी त्याला उचलू शकत नव्हती. चष्म्याचं दुकान आवरलं गेलं.

निघायच्या सकाळी तो लवकर आला.

"तू चल. मिस्त्रींनाही घेऊन जाऊ."

"बाबांना इथलं लोखंड बोटांनी कळतं. तिथं त्यांना भिंतीसुद्धा कळायच्या नाहीत."

"मग मी थांबतो. आई बदलेल, तिला वेळ—"

"बदलतीलही. पण तू वाट बघत बसलास तर रोज त्यांच्या तोंडाकडे बघशील. आज मऊ झाल्या का, उद्या होतील का? त्यांना त्यांचं दुःख मोकळेपणी करू दे. आणि दादाला सकाळी कोण उचलणार?"

"आणि तुझं दुःख?"

"माझ्याकडे मुखवटा आहे की! आत कोण बघतंय?"

तो हसला नाही. जवळ आला. इतका जवळ, की त्याच्या काचांत मला मीच दिसले, दोनदा.

"एकदा तरी सांग," तो म्हणाला. "तू कधी बोललीच नाहीस."

"आहे," मी म्हणाले. "प्रेम आहे. त्या सतरा दिवसांतही होतं. म्हणून तर सांगवलं नाही... आणि म्हणून तर सांगावं लागलं."

त्यानं माझं कपाळ आपल्या कपाळाला टेकवलं. चष्मा मधे आला. त्यानं काढला नाही, मीही काढ म्हटलं नाही.

दादा स्टिअरिंगवर बसला. हातदांडे एकदा पुढे, एकदा मागे करून पाहिले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आई मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. तो दादाशेजारी बसला, हात दारावर बाहेर ठेवून. दादानं जोर दिला. गाडी फाटकातून निघाली, डेपोच्या कोपऱ्यावर सरळ, न लचकता वळली. दारावरचा तो हात तेवढा शेवटपर्यंत दिसत राहिला... आणि मग तोही नाही.

मी परत आले. चार घोडे रिकामे उभे होते. बाबा खुर्चीत कान देऊन बसले होते.

"गेली?"

"गेली."

"आवाज चांगला होता."

"हो."

ते उठले, चाचपडत माझ्याजवळ आले, खांदा शोधला.

"रडायचं असेल तर रडून घे," बाबा म्हणाले. "मी काही बघत नाहीये."

मग मी रडले.